दुरुस्ती चांगली, पण ‘उद्या या’ फार

अम्मा विड्या वळते. मांडीवर सूप, दोन्ही हात पानात गुंतलेले, बोटांना तंबाखू. मोबाइलला ती हात लावत नाही. दिवसभर आकाशवाणी सोलापूर. दिवाळीपासून तिचा रेडिओ नुसता खरखरत होता, म्हणून अशोक चौकाकडच्या एका जुन्या दुकानात नेला.

दुकान मूळचं कॅसेटचं. भिंतीवर कॅसेटच्या मापाचे लाकडी खण तसेच आहेत, आत मोबाइलची कव्हरं कोंबलेली. तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी, सोलापूरच्या या पूर्व भागात चारही भाषांतल्या कॅसेट खपायच्या म्हणे.

काम मात्र हातातलं. दुकानदार अण्णांनी व्हॉल्यूमच्या बटणात क्लीनर मारून ते दहादा गरागरा फिरवलं, खरखर गेली. सेलची गंजलेली स्प्रिंग पॉलिश पेपरनं घासली, डायलची तुटायला आलेली दोरी नवी ओवली. दीडशे रुपये. पण त्यासाठी तीन वेळा ‘उद्या या’ ऐकलं, आणि पावती मागितली तर हसले.

कॅसेट मोबाइलनं मारली ना, असं मी सहज म्हटलं. “नाही ओ अक्का, त्याच्या आधीच गेली. कॅसेटमध्ये आठ-दहा गाणी. एमपी3 सीडीत शंभरावर, ती पण फुटपाथवर. मग मेमरी कार्ड आलं. वीस रुपयात मीच भरून द्यायचो की! माझ्या हातानंच बसवला माझा धंदा.” 2016ला जिओ आल्यावर कार्ड भरायलाही कुणी येईना.

रेडिओ तपासताना आधी एक खासगी एफएम लागलं. जाहिरात, खिदळणं, आणि सकाळी रिक्षात ऐकलेलंच गाणं. त्यांचं पोट जाहिरातीवर, ऐकणारा उठून जाईल या भीतीनं नवं काही लावत नाहीत. बातम्याही स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच घ्याव्या लागतात. अम्मा म्हणते, मग सरळ आकाशवाणीच का नको?

पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला तो टिकलीसाठी. अम्मानं डायलच्या काचेवर सोलापूर केंद्राच्या जागी लाल टिकली चिकटवलेली. नवी दोरी ओवताना काटा सरकला आणि टिकलीवर नुसता घूं आवाज. घरी आल्यावर तिनं नखानं टिकली काढली, बोटभर डावीकडं लावली, आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.