शुद्ध ट्युनिंग मस्त, पण एकाच पट्टीपुरतं
कुडाळात एकाकडून भजनाची पेटी शुद्ध स्वरांत लावून घेतली, काळी 1 ला (सप्तकातली पहिली काळी पट्टी) सा धरून. काम एक नंबर! नेहमीच्या ट्युनिंगमधे गंधार साच्या वर 400 सेंट्सवर असतो (100 सेंट्स म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), खरा 386 वर, तो सूर (आतली पितळी जीभ) बुडाकडे कानशीने हळूच घासून त्याने नेमका उतरवला, आता सा-ग एकत्र दाबले की थरथर नाहीच, नुसतं ऐकत बसावं.

पण डबलबारीत (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात) बुवा काळी 2 वर गेले की वाट लागते. तिथला पंचम म्हणजे काळी 5, आणि ती लावलीय काळी 1 चा धैवत म्हणून, साच्या 5/3 पट कंपनांवर, मग 702 ऐवजी 680 सेंट्सच मिळतात, चांगलाच उतरलेला वाटतो. यात कारागिराचा दोष नाही हो, शुद्ध पंचम 12 वेळा चढवलात तरी 7 सप्तकांनी सा वर येत नाही, साडेतेवीस सेंट्स पुढेच जातो, चक्र जुळवायचं तर प्रत्येक पंचम किंचित कापावा लागतो. राग एवढाच की 'सगळ्या पट्ट्यांत चालेल' म्हणाला होता, तेव्हा साथीला फिरणाऱ्यांनी साधंच ट्युनिंग ठेवा.

भात्याची गळती मात्र फुकटात काढून दिली. पाचात साडेतीन.