बीपी मशीन उत्तम, कफने मात्र वैताग आणला

काही महिने रोज वापरून मशीन ठणठणीत आहे, पण कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, गेला. वेल्क्रोत धागे अडकून पकड सुटली. हवा भरताना मध्येच कर्रकन उघडतो आणि स्क्रीनवर एरर येतो. वॉरंटी मशीनला, कफला नाही. सर्व्हिस सेंटर म्हणतं, नवा घ्या. सगळ्यात आधी झिजणारी वस्तूच वॉरंटीबाहेर, याची खरंच चीड येते.

नवा घ्यायचाच, तर आधी दंडाचा घेर खांदा आणि कोपराच्या मधोमध टेपने मोजा. सोबतचा कफ बऱ्याचदा २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतो. दंड ३६ चा असेल तर तो ओढूनताणून बसतो, पण बीपी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो आणि त्या आकड्यावर उगाच गोळी वाढते. फार मोठा कफ उलट कमी दाखवतो. बाहीवरून बांधू नका. खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूला.

मोजायचं सकाळी, गोळी आणि चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, कफ छातीच्या उंचीला. मिनिटभराने पुन्हा घ्या. संध्याकाळीही तसंच. सात दिवसांतला पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी ती १३५/८५ किंवा वर गेली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी स्वतःहून बदलू नका.

अनियमित ठोक्यांचं चिन्ह आधी निव्वळ जाहिरात वाटलं होतं. आता ते मत राहिलं नाही. हात हलला तरी ते लागतं, हे खरं. पण शांत बसूनही वारंवार दिसलं तर ईसीजी काढायलाच हवा.

हार्ट अटॅक मात्र हे मशीन ओळखत नाही. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ असेल तर बीपी १२०/८० आलं तरी १०८ लावा. मधुमेही आणि बायकांमध्ये कधी नुसती धाप आणि थकवाच असतो. 'ॲसिडिटी असेल' म्हणून तासभर घालवू नका. १८०/१२० च्या वर आकडा आणि यातलं काही, किंवा तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, तर थेट हॉस्पिटल.

मशीन घ्या, पण पैसे देण्याआधी मोठा कफ सुटा मिळतो का आणि कितीला, हे दुकानदाराला विचारा.