भोटेकोशीचे पैसे, त्रिशूलीचं पाणी

नेपाळमधल्या एका राफ्टिंगच्या सौद्यात आमचे चौघांचे मिळून 41,562 रुपये 50 पैसे गेले. भारतीय. आकडा मुद्दाम पैशांसकट लिहितोय, कारण नेपाळमध्ये ही सगळी फसवणूक फिरते ती भारतीय आणि नेपाळी रुपयाच्या मधल्या फटीतून. 100 भारतीय म्हणजे 160 नेपाळी. हा दर ठरलेला आहे, 1993 पासून बदललेला नाही. तिथे दुकानात, टॅक्सीत, धाब्यावर सगळीकडे विचारतात, ‘आयसी की एनसी?’ भारतीय की नेपाळी? चहावाला विचारतो. आमच्याकडून 34,000 घेणाऱ्याने विचारलं नाही, आणि त्याने का विचारलं नाही हे आता कळतंय.

दिवाळीच्या सुट्टीत काठमांडूच्या ठमेल ह्या पर्यटकांच्या वस्तीतल्या हॉस्टेलमध्ये ओळख झाली. आम्ही चौघंही एकमेकांना तिथेच भेटलेले, एका डॉर्ममधले. पाचवा तो. हिंदी बोलणारा, भारतीय, पाठीवर मळकी सॅक, ‘चार महिने फिरतोय’ म्हणणारा. कुठला मोमो चांगला, कुठे सिमकार्ड स्वस्त, सगळं माहीत. ह्याला कुणी दलाल म्हणेल का? दलाल रस्त्यावर कागद वाटतात, हॉटेलच्या दारात गाठतात, त्यांना टाळायचं हे आम्हालाही कळतं. हा आमच्यासोबत जेवायला बसायचा आणि स्वतःचं बिल स्वतः भरायचा. धंद्याची नवी तऱ्हा हीच आहे: एजंट प्रवासी म्हणून हॉस्टेलमध्ये राहतो, आठवड्याला नवी टोळी जमवतो आणि ‘आपण सगळे मिळून जाऊ, ग्रुप रेट मिळेल’ म्हणतो. तो स्वतःही येणार असतो. सकाळी मात्र त्याचं पोट बिघडतं.

ठरलं होतं ते भोटेकोशी नदीवर दोन दिवसांचं राफ्टिंग, एक रात्र काठावर तंबूत. त्याने दाखवलेल्या छापील पत्रकावर ‘रु. 8,500 प्रति व्यक्ती’ असं होतं. नुसतं रु. दोन्ही देशांचं रु.च. आम्ही प्रत्येकी 8,500 भारतीय पाठवले, त्याच्या वैयक्तिक खात्यावर, यूपीआयने. ‘कंपनी यूपीआय घेत नाही, मी त्यांना रोख देतो’ हे त्याचं कारण. पत्रकावरचा दर नेपाळी होता. म्हणजे 5,312 रुपये 50 पैसे. तिथेच माणशी 3,187 रुपये 50 पैसे खिशात.

आणि कंपनी यूपीआय घेत नाही हे साफ खोटं. मार्च 2024 पासून नेपाळच्या फोनपे कंपनीच्या क्यूआरवर (आपल्याकडच्या फोनपेशी गल्लत करू नका) भारतीय यूपीआय चालतं. ठमेलमध्ये भाजीवाल्याकडेही तो क्यूआर दिसतो. दुकानाचा क्यूआर स्कॅन केला की व्यवसायाचं नाव दिसतं, रक्कम नेपाळी रुपयात येते, पावतीला आधार राहतो. माणसाच्या खात्यावर पाठवलेले पैसे म्हणजे हातउसने. बँकेच्या लेखी तुम्ही मित्राला पैसे दिलेत, बस.

आता तो क्षण, ज्याने अजून झोप उडते. गाडी सकाळी काठमांडूतल्या कलंकीहून सुटली. भोटेकोशी काठमांडूच्या ईशान्येला आहे. तिथे जायचं तर धुलिखेल, दोलालघाट, बाह्रबिसे, तिबेटच्या सीमेकडे जाणारा अरनिको महामार्ग. म्हणजे सकाळचं ऊन समोरून यायला हवं. आमच्या पाठीवर होतं. गाडी थानकोट चढून नागढुंग्याला पोचली आणि पलीकडे नौबिसेकडे उतरायला लागली. तो पोखऱ्याचा रस्ता. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये नकाशा, नकाशावर निळा ठिपका पश्चिमेला सरकतोय. बघितलं. बोललो नाही. वाटलं, वळसा असेल. डोंगराळ देश, रस्ते कुठूनही जातात. गाडीत सगळे हसतायत, गाणी चालू. तेव्हा ‘थांबवा’ म्हणणारा खडूस कोण होणार? चोराला आपला हाच भिडस्तपणा हवा असतो.

नदीकाठच्या चरौदीला उतरवल्यावर विचारलं तर गाइड थंडपणे म्हणाला, ‘दाइ, यही भोटेकोशी है.’ ह्यातली चलाखी ऐका. त्रिशूलीच्या वरच्या प्रवाहाला रसुवा जिल्ह्यात खरोखरच भोटेकोशी म्हणतात. नेपाळात भोटेकोशी नावाच्या एकाहून जास्त नद्या. राफ्टिंगवाल्यांत जी प्रसिद्ध आहे ती सिंधुपाल्चोकची, पुढे सुनकोशीला मिळणारी, तीव्र उताराची, पाणी जास्त असताना चौथ्या-पाचव्या श्रेणीची (श्रेणी जितकी वरची, तितकं पाणी अवघड). आम्ही उभे होतो ती त्रिशूली, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीची, एका दिवसात उरकणारी. कॅम्प वगैरे काही नव्हता. काठावरच्या माणसाने आपणहून सांगितलं की त्याला आमचे माणशी 2,200 नेपाळी मिळालेत. चौघांचे 8,800, म्हणजे 5,500 भारतीय. उरलेले 28,500 आमच्या मित्राचे.

मग परत का नाही फिरलो, असं विचारणारे भेटतात. कशाने फिरणार? गाडी सोडून निघून गेली होती, सामान तिच्या टपावर, पुढे उतरणीच्या जागी मिळणार. शिवाय आमची मूळ ओळखपत्रं ‘परमिटसाठी’ सकाळीच घेतलेली. हे लिहून ठेवा: मूळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र कुणालाही द्यायचं नाही. झेरॉक्स द्या. विमानाने परतायचं तर त्या कागदाशिवाय विमानतळावर उभं करत नाहीत, आणि हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आणि आम्ही काही पाणी न पाहिलेले नव्हतो. आमच्यातले दोघं कोलाडला कुंडलिकेवर नेहमी जाणारे. पण कुंडलिकेचा हिशोब वेगळा. तिथे वीजनिर्मितीसाठी सकाळी धरणातून पाणी सोडतात, पातळी जवळपास ठरलेली, पाणी कोमट. हिमालयातली नदी रात्रीतून बदलते, कारण वर कुठे पाऊस झाला, कुठे बर्फ वितळलं, ते खाली दिसत नाही. आणि थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासच ताब्यात राहत नाही, हात नंतर गारठतात.

सामान काय होतं सांगतो, कारण खरी भीती पैशांची नव्हती. साधारण चौदा फुटी राफ्टमध्ये सहा ते आठ वल्हवणारे आणि मागे गाइड. आमच्यात दहा जण आणि गाइड. मधल्या दोघांना पाय अडकवायला जागाच नाही. पाय नीट रोवलेले नसले की पहिल्या उसळीला माणूस बाहेर. राफ्टही जुन्या पद्धतीची, तळातून पाणी आपोआप निघून जाणारी नव्हे. पाणी उपसायला प्लास्टिकचा डबा दिला होता. पाणी भरलं की राफ्ट जड होते, वळवायला घेतली तर वळत नाही आणि थेट खडकावर जाते.

लाइफ जॅकेटच्या तीन बकलांपैकी मधलं तुटलेलं, तिथे निळी नायलॉनची दोरी ओवून गाठ मारलेली. ही दोरी नुसती कामचलाऊ नाही, घातक आहे. लोंबणारं टोक खडकाच्या फटीत किंवा फांदीत अडकलं तर ओली गाठ गारठलेल्या बोटांनी सुटत नाही. आतला फोम दाबून बघा. बोट काढल्यावर फुगून वर आला नाही तर तो मेलेला आहे. जॅकेट घालून पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानाच्या वर सरकलं तर पाण्यात ते तुमच्या डोक्यावरून निघून जाणार. हेल्मेट हनुवटीखाली बांधून मान हलवा, ते कपाळावरून मागे सरकता कामा नये. आमचं सरकत होतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्यांना गाठायला सोबत असणारी छोटी होडी, नव्हती. एकच राफ्ट, सोबत कुणी नाही. राफ्ट उलटली की तिच्यातले सगळेच पाण्यात, वाचवायला मागे उरतं कोण? म्हणून एकट्या राफ्टने उतरायचं नसतं. सोबत दुसरी राफ्ट किंवा कयाक हवीच. गाइडकडे थ्रो बॅग, म्हणजे पिशवीत भरलेली फेकायची दोरी, दिसली नाही. विचारल्यावर ‘गाडीत राहिली’.

आमच्यातली एक जण एका मोठ्या लाटेत बाहेर फेकली गेली. आपली राफ्ट तिच्यापर्यंत पोचलीच नाही. मागून येणाऱ्या दुसऱ्याच कंपनीच्या कयाकवाल्याने तिला पुढच्या संथ पाण्यात गाठलं. ती शुद्धीत होती ती केवळ पाठीवर पडून, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने ठेवून वाहत गेली म्हणून. हे तिला आमच्या गाइडने सांगितलेलं नव्हतं, कोलाडला शिकलेलं होतं. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न कधी करू नका. पाय दगडांत अडकला की प्रवाह अंगाला पुढे झोपवतो, आणि मग कमरेएवढ्या पाण्यातही माणूस बुडतो. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत पाय टेकायचे नाहीत.

उतरल्यावर बिल. ‘इक्विपमेंट’चे माणशी 500, म्हणजे 2,000. तिच्या हातून वाहून गेलेल्या वल्ह्याचे 6,000. व्हिडिओचे 2,500, ज्याचं कार्ड पुढे ‘करप्ट’ निघालं. परतीच्या बसचे माणशी 400, म्हणजे 1,600. एकूण 12,100 नेपाळी, भारतीय 7,562 रुपये 50 पैसे. ओळखपत्रं त्यांच्या टेबलाच्या खणात. दिले. पावतीवर कंपनीचं नाव पत्रकावरच्या नावापेक्षा वेगळं, नोंदणी क्रमांकाची ओळ कोरी.

मित्राने तोवर हॉस्टेल सोडलं होतं. हॉस्टेलवाल्याने हात वर केले.

काठमांडूत पोलीस चौकीत गेलो तर तिहारच्या, म्हणजे तिथल्या दिवाळीच्या, सुट्ट्या. लक्ष्मीपूजा झाली की गोवर्धन, मग भाईटीका, मग या. सुट्ट्यांनंतर आमच्यातला एक गेला, त्याने काय ऐकलं? ‘पैसे भारतातल्या खात्यात गेलेत, भारतात तक्रार करा.’ नदीवर जीव टांगणीला लागला त्याचं काय? ‘तो जिल्हा वेगळा.’ त्या जिल्ह्यात फोन केला तर ‘करार काठमांडूत झाला, तिथे सांगा.’ इकडे येऊन बँकेत गेलो. काउंटरवरची बाई म्हणाली, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ हो, आम्हीच टाकला, बंदूक लावून कुणी टाकून घेतला नाही, पण फसवणूक म्हणतात ती ह्यालाच ना! मग आपलं पोलीस ठाणं. ‘घटना परदेशातली, आमच्या हद्दीत येत नाही.’ अर्ज घ्या म्हटलं तर साध्या कागदावर लिहून घेतला, शिक्का मागितला तेव्हा शाई संपलेली. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या वेळी अर्ज लिहून घेणाऱ्याचीच बदली. प्रत्येकाला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची, आणि प्रत्येक जण शेवटी तेच म्हणणार, ‘शिकलेसवरलेले दिसता, तरी?’

म्हणून हे पाठ करून जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 हद्द न बघता गुन्हा नोंदवायला सांगतं. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यासाठी कलम 208 आहे. खटला चालवायला केंद्राची परवानगी लागते, नोंद करायला नाही. फसवून घेतलेले पैसे जिथे मिळाले तिथल्या न्यायालयालाही अधिकार आहे, ते कलम 202. कलमं कागदावर लिहून समोर ठेवली तेव्हा कुठे ठाणे अंमलदाराने खुर्ची पुढे सरकवली.

पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात, सायबर हेल्पलाइनला सांगायचं, क्रमांक 1930. नेपाळच्या रोमिंगवरून आम्हाला तो लागला नाही, त्यामुळे घरच्या माणसाला भारतातून करायला लावा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक, त्याला आधी पाठवा. समोरच्या खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात. काठमांडूत पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1144 आहे. तो नदीवर उतरण्याआधी लावायचा, आमच्यासारखा घरी परतायच्या आदल्या दिवशी नाही.

विम्यावर विसंबू नका. आमच्या प्रवास विम्यात राफ्टिंग ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेलं होतं. जादा हप्ता भरून घालून घ्यावं लागतं, आणि ते बारीक अक्षरांतल्या यादीत असतं. नदीचं नाव, उतरण्याचं आणि चढण्याचं ठिकाण, राफ्ट किती, कयाक किती, रक्कम कुठल्या चलनात, हे सगळं पैसे देण्याआधी कंपनीच्या नंबरवरून लेखी मागवा. एजंटच्या नंबरवरून नाही. पुरावा म्हणून पत्रकाचा फोटो घेऊन ठेवा, आम्ही घेतला नव्हता.

आमची ऑनलाइन तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली आहे. खातं गोठलंय का ते बघायला मी परवा त्याला एक रुपया पाठवला. लगेच जमा झाला.