कुत्र्याची खाज अन् उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना

आमची राणी कारवानी जातीची, अंगावर केस बारीक, त्यामुळं कातडीला काय झालं की लगेच दिसतं. दिवाळीनंतर भिंतीला कान घासायला लागली, मग कोपरं लाल झाली, रात्रभर खाजवायची अन् घरात कुणाला झोप नाही. गल्लीतल्या लोकांनी सांगितलं लूत लागली, जळकं ऑइल लावा. ते चुकूनही लावू नका, कुत्रं अंग चाटतं अन् ते ऑइल पोटात जातं, कातडी भाजती ते वेगळंच.

मग तिला उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. मला आवडलेली गोष्ट म्हणजे औषध लिहायच्या आधी सगळी विचारपूस केली, कुठं घासती, कधीपासून, घरात अजून कुणाला खाज आहे का. आमच्या आईच्या हातावर बारीक लाल पुरळ आलं होतं, ते सांगितल्यावर सरांनी राणीच्या कानाचं टोक बोटात धरून चोळलं अन् तिचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला! खरजेच्या किड्यात असं बऱ्याचदा होतं म्हणे. नंतर ब्लेडनी कातडी हलकी खरवडून, थोडं रक्त येईस्तोवर, काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं. ह्या तपासणीत किडा दरवेळी सापडतोच असं नाही, म्हणून लक्षणं जुळली तर उपचार करतातच. माणसाच्या अंगावर तो किडा टिकत नाही, कुत्रं बरं झालं की आपलं पुरळ पण जातं, हे ऐकून आईच्या जिवात जीव आला.

वजनानुसार चघळायची गोळी दिली. कुत्र्याला फिट येत असतील तर ही गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे, अन् घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला पण सोबतच उपचार करावे लागतात. गोणपाट, गोधडी गरम पाण्यात धुवून उन्हात टाकली. औषधी शाम्पू लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, लगेच धुतला तर काही उपयोग नाही, आपला आंघोळीचा साबण तर अजिबात नको. खाज एका दिवसात जात नाही, दोनेक आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

तिथं बसल्या बसल्या बाकीच्या केसेस पण बघितल्या. एक लॅब्राडोर ढुंगण फरशीवर घासत चालत होता, मालकाला वाटलं जंत, पण गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरल्या होत्या, त्या दाबून मोकळ्या केल्या. पाय चाटत बसणं बऱ्याचदा ॲलर्जीचं असतं, कंबर अन् शेपटीच्या बुडाला खाज असेल तर पिसवा बघा, अन् डोकं झटकत कान घासत असेल तर कानात बघायला लावा. एकच खाज दिसती पण कारणं किती निराळी!

आम्ही देवणीकडून जातो, अंतर आहे, तरी मला तिथंच न्यावंसं वाटतं. जाताना मोबाईलवर कुत्रं घासतंय त्याचा व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात गेल्यावर ते गप्प बसतं अन् डॉक्टरांना काही दिसत नाही. आता राणीच्या कानावर परत केस आलेत. माझ्याकडून पाचपैकी पाच.