मॅक्स३०१०२ चा लिनक्स ड्रायव्हर: लॉकिंग सुधारलं, एक जुगाड उरला

बोटावरून नाडी आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या मॅक्स३०१०२ चिपचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहे. बोर्डासोबत आलेला जुना कर्नल वापरत असाल, तर त्यात २०२२ चा लॉकिंगचा (एका वेळी एकानेच चिपला हात लावावा, याची व्यवस्था) बदल आलाय का ते आधी बघा.

खरी मेख तापमानाच्या वाचनात आहे. (हे चिपचं तापमान, अंगातला ताप नव्हे.) बफर (म्हणजे नमुन्यांची सलग मोजणी) बंद असताना ड्रायव्हर चिपला शटडाउनमधून उठवतो, ३५ मिलिसेकंद थांबतो, आकडा वाचतो आणि परत शटडाउनमध्ये टाकतो. त्या ३५ मिलिसेकंदांत कोणी बफर चालू केला, तर शेवटची पायरी चालू मोजणीच बंद पाडेल. एरर येणार नाही, नमुने तेवढे थांबतील. हे टाळायला जुना ड्रायव्हर आयआयओ गाभ्याचा (कर्नलमधला सेन्सर सांभाळणारा सामायिक भाग) एमलॉक नावाचा लॉक थेट धरायचा. काम भागायचं, पण लॉक गाभ्याचा. ड्रायव्हरने त्यात हात घालणं बरं नव्हे.

२०२२ च्या बदलात ड्रायव्हर गाभ्याकडे आधी बफर मोड मागतो (बफर चालू असेल तरच मिळतो), नाही मिळाला तर डायरेक्ट मोड (बफर बंद असेल तरच मिळतो), दोन्ही हुकले तर गोटू मारून (कोडमध्ये मागे उडी घेऊन) पुन्हा पहिल्यापासून. जुगाड आहे, आणि कोडमधली टिप्पणीही ते लपवत नाही. तरी तो बरोबर आहे: दोन मागण्यांच्या मधल्या फटीत मोड पालटला तरच जादा फेरा पडतो, आणि मिळालेला मोड सोडेपर्यंत बदलत नाही. भावंड मॅक्स३०१०० मध्ये बफर चालू असतानाच तापमान मिळतं, म्हणून तिथला कोड सुटसुटीत राहिला.

नमुन्यांना याचा फटका बसत नाही. इंटरप्ट थ्रेड (चिपने इशारा दिला की चालणारा कोड) फिफो, म्हणजे चिपमधली नमुन्यांची रांग, उपसताना ड्रायव्हरचा स्वतःचा म्युटेक्स (लॉकच) धरतो, मोडच्या लॉकच्या वाटेला जात नाही. सेकंदाला १०० नमुने धरले तरी ३२ नोंदींची फिफो भरायला ३२० मिलिसेकंद लागतात. हे दोन लॉक एकत्र करायचा मोह टाळा.

बदल स्वतः जुन्या कर्नलवर आणताना एक खड्डा आहे. डायरेक्ट मोड मागणारं जुनं फंक्शन यश मिळाल्यावर शून्य द्यायचं, २०२५ पासूनचं नवं फंक्शन 'खरं' देतं. नुसतं नाव बदललंत तर अट उलटी होते. नंतर लॉकडेप (लॉकमधल्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू करून एका टर्मिनलवर तापमान सतत वाचा, दुसऱ्यावर बफर चालू-बंद करत राहा.

इंटरप्टची तार मात्र जोडावीच लागते. तिच्याशिवाय ड्रायव्हर प्रोबमध्येच, म्हणजे चिपशी जोडणी करतानाच, नकार देतो.