‘निवड’ झालेल्या पुस्तकाचे ६८,००० रुपये

बडोद्याच्या दांडिया बाजारातील मराठी कुटुंबांवरच्या चौदा कथा मी निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत लिहिल्या. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी शाळकरी वयापासून मराठी पुस्तके वाचत आले आणि तिथल्याच कपाटात आपलेही एक पुस्तक असावे, एवढीच माझी इच्छा होती. त्या इच्छेपायी मी काय करून बसले ते तपशिलाने लिहिते आहे, कारण गेल्या वर्षभरात माझ्या ओळखीच्या आणखी दोघांना अगदी त्याच शब्दांत फोन आले आहेत.

पुण्यातील दोन जुन्या प्रकाशकांकडे मी हस्तलिखित पाठवले होते. एकाचे उत्तर आले नाही. दुसऱ्यांनी सात महिन्यांनी कळवले की, नव्या लेखिकेच्या कथासंग्रहात पैसे गुंतवणे त्यांना सध्या परवडणारे नाही. ते पत्र प्रामाणिक होते, हे आता कळते. तेव्हा मात्र ते मनाला फार लागले. ‘आपणच छापून घेऊ,’ असे यजमान म्हणाले, पण स्वतःच्या पैशाने काढलेल्या पुस्तकाला कोणी पुस्तक मानत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. पुढचा सगळा व्यवहार ह्या समजुतीवरच उभा राहिला.

एका प्रकाशनसंस्थेचा अर्ज मी ऑनलाइन भरला आणि तिसऱ्याच दिवशी फोन आला. ‘काकू, आमच्या संपादक मंडळाने तुमच्या पुस्तकाची निवड केली आहे. आम्ही पैसे घेऊन पुस्तके छापणारे नाही, आम्ही पारंपरिक प्रकाशक आहोत,’ असे तो तरुण अतिशय आदराने म्हणाला. पाठोपाठ निवडीचे पत्र आले आणि त्या पत्राच्या दुसऱ्या पानावर ‘लेखकाचा सहभाग’ म्हणून ६८,००० रुपयांचा आकडा होता. ५०० प्रती छापायच्या, त्यांतल्या १०० मला आणि ४०० दुकानांत, असे ठरले. चौदा कथा तीन दिवसांत कोणत्या संपादक मंडळाने वाचल्या, हा प्रश्न मी विचारला नाही. दोन हप्त्यांत पैसे भरले.

पुस्तक वाचलेच गेले नव्हते, ह्याचा पुरावा पहिल्या प्रुफांतच होता. माझ्या एका कथेचे नाव ‘पायऱ्या’ आहे. सुरसागरच्या काठावरच्या पायऱ्यांवर ती घडते. मजकूर एका फाँटमधून दुसऱ्यात नेताना सगळ्या ‘ऱ्या’चे ‘र्या’ झाले होते, त्यामुळे शीर्षकातच ‘पायर्या’ आणि आत ‘दुसर्या’, ‘सार्या’, ‘येणार्या’. मी पानवार यादी करून १४३ दुरुस्त्या पाठवल्या. छापील पुस्तकात त्यांतल्या शीर्षकाच्या तेवढ्या झाल्या. १०० ऐवजी ३० प्रती आल्या; उरलेल्या ‘पुढच्या खेपेत’ येणार होत्या, त्या आजतागायत आलेल्या नाहीत.

दुकानांतल्या ४०० प्रतींचे काय झाले, हे माझ्या भाच्यामुळे कळले. त्याने पुण्याहून एक प्रत ऑनलाइन मागवली, ती नवव्या दिवशी पोचली आणि तिच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छपाईची तारीख होती: त्याने मागणी नोंदवल्यानंतर दोन दिवसांची. म्हणजे कोणी मागणी केली की एक प्रत छापायची, असा तो कारभार होता, आणि ज्या ४०० प्रतींच्या छपाईचे पैसे मी भरले होते त्या कधी अस्तित्वातच नव्हत्या. मागणीनुसार छपाई ही पद्धत वाईट नाही, नव्या लेखकाला ती सोयीचीच आहे. पण तिच्यात आगाऊ ४०० प्रतींचा खर्च येत नाही.

मानधनाचा हिशेबही लिहिते. करारात मला ‘नफ्याच्या ७० टक्के’ मिळणार होते; हे शब्द ऐकायला मोठे वाटतात, कारण पारंपरिक प्रकाशक साधारणपणे छापील किमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास मानधन देतो. पुस्तकाची किंमत २२० रुपये होती. त्यांनी छपाई ९५, विक्रेत्याची सूट ८८ आणि हाताळणी ३० रुपये धरली, उरले ७ रुपये आणि माझ्या वाट्याला ४ रुपये ९० पैसे. छापील किमतीच्या १० टक्के म्हणजे २२ रुपये झाले असते. शिवाय विक्री ११ प्रतींची दाखवली, आणि माझ्याकडे मात्र नातेवाईक व शेजाऱ्यांच्या २६ खरेदीपावत्या आहेत.

बिलात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचे, ३,००० आणि कॉपीराइट नोंदणीचे ८,००० रुपये होते. आयएसबीएन केंद्र सरकारच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक तो स्वतःच्या नावावर घेऊ शकतो. साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे, आणि ती नोंदणी सक्तीचीही नाही. लिहिल्याक्षणी हक्क लेखकाचाच असतो. हे मला तेव्हा ठाऊक असते तर निदान तेवढे तरी वाचले असते.

सर्वांत जास्त टोचले ते करारातले नववे कलम. त्यानुसार सर्व भाषांतले आणि सर्व माध्यमांतले हक्क मी कॉपीराइटची पूर्ण मुदत, म्हणजे माझ्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे, त्यांना दिले होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १९ वे कलम, हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरते; पण माझ्या करारात मुदत स्पष्ट लिहिलेली असल्याने तो आधारही उरला नाही. पारंपरिक प्रकाशक हक्क घेतो, पण पैसे तो घालतो आणि तोटाही तोच सोसतो. स्वप्रकाशनात पैसे आपले जातात, पण प्रती, मांडणीची फाइल, आयएसबीएन आणि हक्क सगळे आपल्याच हाती राहते. मी पैसेही दिले आणि हक्कही दिले. नवे लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की, ‘निवड झाली’ हे शब्द आणि पैशांचा आकडा एकाच पत्रात आले तर सही करू नका, आधी करार वकिलाला दाखवा. रावपुऱ्यातील एका छापखान्याने मला नंतर त्याच पुस्तकाच्या २०० प्रतींसाठी, मुखपृष्ठ आणि बांधणीसह, २६,००० रुपये सांगितले.

वकिलाची नोटीस गेल्यावर संस्थेने हक्क परत केल्याचे पत्र पाठवले, पैसे मात्र दिले नाहीत. त्यामुळे १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. संस्था परगावची असली तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत २ वर्षांची असते. अर्जाला निवडीचे पत्र, दोन्ही हप्त्यांच्या पावत्या, दुरुस्त्यांची यादी आणि २६ खरेदीपावत्या जोडल्या आहेत. भाच्याने मागवलेली प्रतही त्यात आहे. शेवटच्या पानावरच्या तारखेपाशी मी कागदाची खूण घातली आहे. पुढची तारीख पुढल्या महिन्यात आहे.