लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला: साफ करावा, बाहेरून जोडावा की बदलावा?

कीबोर्ड बिघडला म्हणून लॅपटॉप दुकानात नेला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: नवा टाकावा लागेल. ते दर वेळी चुकीचं नसतं. पण खर्चाची तयारी हजार-दीड हजाराचीच असेल, तर त्याआधी सफाई, बटणांची सॉफ्टवेअरमधून अदलाबदल आणि यूएसबी कीबोर्ड असे तीन स्वस्त मार्ग आहेत, आणि बदलायचाच ठरला तरी त्यात दोन अगदी वेगळ्या खर्चाचे प्रकार आहेत. निवड मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: कीबोर्ड स्क्रूनं बसवलाय की प्लास्टिक वितळवून, आणि लॅपटॉप चालू करायचं बटण कीबोर्डातच आहे की वेगळं.

पैसे काढण्याआधी

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बाजूनं बघा. टचपॅड वर आलाय, कीबोर्ड मधोमध फुगलाय किंवा तळ डुगडुगतोय, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तसं असेल तर चार्जिंग आणि वापर दोन्ही थांबवा. ती बॅटरी आधी काढून घ्यायची, कीबोर्डचं नंतर बघता येतं. कित्येकदा बॅटरी गेली की बटणंही पूर्ववत चालतात, कारण खालून येणारा दाब संपतो.

मग सेटिंग तपासा. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीज सुरू करण्याची विचारणा होते. ते चुकून सुरू झालं असेल तर पटकन दाबलेली बटणं उमटतच नाहीत आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. आकड्यांचा वेगळा भाग नसलेल्या काही जुन्या लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिला तर यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६ येतात. भाषा बदलली गेली असेल तर विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून परत आणता येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डची नोंद अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा. ड्रायव्हर आपोआप परत बसतो. शेवटी मशीन बंद करून, चार्जर काढून, चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा. यातल्या कशालाच खर्च नाही.

एवढं करूनही दोष राहिला तर तो विंडोजचा की कीबोर्डचा हे ठरवायचं. खात्रीची चाचणी म्हणजे पेन ड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजसारखीच एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम), इन्स्टॉल न करता नुसतं चालवणं. तिथेही तेच बटण मेलेलं असेल तर दोष यंत्रात आहे, आणि विंडोज पुन्हा टाकण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. पेन ड्राइव्ह हाताशी नसेल तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन बाण, एंटर, एस्केप चालतात का एवढं तरी बघता येतं. त्यासाठी मशीन चालू करताना दाबायचं बटण: डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होवर बहुधा एफ१ किंवा एफ२.

आता कागदावर लिहून काढा: नेमकी कुठली बटणं चालत नाहीत? ही यादी फार कामाची आहे. बटणांच्या खाली प्लास्टिकचा तीन थरांचा पातळ पडदा असतो. वरच्या आणि खालच्या थरावर वीजवाहक शाईच्या रेषा, मधल्या थराला भोकं. बटण दाबलं की भोकातून दोन रेषा टेकतात. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. एक रेषा अनेक बटणांना मिळून असते. म्हणून एकच बटण बंद असेल तर दोष बहुधा त्या बटणाखाली आहे: कचरा, सरकलेला रबर, तुटलेली क्लिप. चार-सहा बटणं एकदम गेली, तीही एकमेकांपासून लांबची, तर एक रेषा तुटलीय किंवा कीबोर्ड मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डला, जोडणारी चपटी तार (रिबन) नीट बसलेली नाही. सगळाच कीबोर्ड गप्प असेल तर आधी रिबनवर संशय घ्या. आणि न दाबता अक्षरं उमटत असतील तर आत ओल आहे किंवा दोन रेषा कायमच्या चिकटल्यात. सफाईवर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा असा दोष हाच.

पाच मार्ग शेजारी-शेजारी

| मार्ग | साधारण खर्च (रुपये) | कुठे चालतो | कुठे फसतो |
|---|---|---|---|
| सफाई | १०० ते ३०० | एक-दोन बटणं अडकतात, कचरा गेलाय | रेषा तुटली, गोड चहा आत गेला |
| बटणांची अदलाबदल | ० | एक-दोन बटणं कायमची बंद | बटण आपोआप दाबलं जातंय |
| यूएसबी कीबोर्ड | ३५० ते ७०० | टेबलावर बसून काम | प्रवास, वर्ग, मांडीवर काम |
| स्क्रूचा कीबोर्ड बदलणं | भाग ७०० ते १८००, मजुरी ३०० ते ६०० | जुने, जाड लॅपटॉप | चुकीचा भाग मागवला तर |
| वितळवून बसवलेला किंवा पूर्ण सी पॅनेल (कीबोर्डसकट वरचं पॅनेल) | २५०० ते ६०००, कधी जास्त | लॅपटॉप अजून चार वर्षं वापरायचाय | जुन्या मशीनवर खर्च वाया |

आकडे ढोबळ आहेत. मॉडेल, बॅकलाइट (बटणांखालचा उजेड) आणि शहर यांनुसार हलतात.

सफाई

लागणारं सामान: रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, प्लास्टिकचा पीक आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानात आयपीए म्हणतात. ७० टक्क्यांच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि बहुधा ग्लिसरीनही असतं. ते वापरू नका. गंज काढायचे तेलकट स्प्रेही नकोत, त्यांचा थर आत राहतो आणि धूळ धरून ठेवतो.

मशीन पूर्ण बंद. लॅपटॉप जवळपास उभा धरून बटणांच्या फटींतून हवा मारा. तेवढ्यानं सुटलं नाही तर त्या एकाच बटणाची टोपी काढायची. पीक एका कोपऱ्याखाली सरकवून हलकेच उचला. टक् आवाज आला की दुसरा कोपरा. जोर लावावा लागत असेल तर बाजू चुकलीय. खालची कैचीसारखी क्लिप दोन बाजूंना खटक्यानं बसते आणि उरलेल्या दोन बाजूंना नुसती अडकते, आणि अडकलेल्या बाजूनं ओढलं की तिचे केसाएवढे कान तुटतात. स्पेस, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस यांच्याखाली धातूची तारही असते. नाइलाज असल्याशिवाय त्यांना हात लावू नका. रबराची वाटी चिकटवलेली असते, ती उपटायची नाही. कापसाची काडी आयपीएत किंचित ओली करून भोवताल पुसा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, टोपी वरून सरळ दाबून बसवा.

क्लिप तुटलीच तर एक बटण सुटं मिळतं, पण एकाच मॉडेलमध्येही क्लिपचे दोन-तीन आकार निघतात. फोटो जुळवल्याशिवाय मागवू नका. तीनहून जास्त बटणं घ्यावी लागणार असतील तर तेवढ्यात अख्खा कीबोर्ड येतो.

चहा सांडला असेल तर गणित वेगळं. लगेच बंद करा, चार्जर काढा, स्क्रीन उघडी ठेवून मशीन तंबूसारखं पालथं घाला आणि किमान दोन दिवस चालू करून बघण्याचा मोह टाळा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपयोग नाही, हेअर ड्रायरनं बटणांखालचा पडदा आणि क्लिपा वाकतात. मदरबोर्डवर ओल पोहोचली असण्याची शक्यता असते. तिथे दोन दिवसांत गंज धरतो, म्हणून मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवणं सगळ्यात महत्त्वाचं. ते जमत नसेल तर दुकानात फक्त तेवढंच करून मागा. साखर आयपीएत नीट विरघळत नाही, पाण्यात विरघळते. त्यामुळे वरून आयपीए ओतून चिकटपणा जात नाही. सुटा निघणारा कीबोर्ड बाहेर काढून डिस्टिल्ड पाण्यानं धुणं आणि नंतर आयपीए, हा प्रयोग करता येतो. पण थरांच्या आत गेलेलं पाणी सुकायला दिवसेंदिवस लागतात आणि रेषा काळ्या पडल्या असतील तर सगळा खटाटोप वाया.

बटणांची अदलाबदल

एक-दोन बटणं गेली असतील आणि बाकी मशीन ठणठणीत असेल तर आमच्या मते सगळ्यात आधी हा मार्ग घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमधल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये कॅप्स लॉकला मेलेल्या बटणाचं काम देता येतं. अडचण अशी की पॉवरटॉइज चालू असतानाच ही बदली लागू होते, लॉगिनच्या पडद्यावर नाही. पासवर्डात तेच अक्षर असेल तर दार उघडणार नाही. तिथे कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडता येतो, किंवा पिन फक्त आकड्यांचा ठेवा. शार्पकीज हे मोफत साधन बदली विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, लिहितं. एकदा रीस्टार्ट केलं की ती लॉगिनलाही चालते आणि मागे काही चालू ठेवावं लागत नाही.

कुठलं बटण बळी द्यायचं हे मराठी लिहिणाऱ्यांनी विचारपूर्वक ठरवावं. इंग्रजीत सहसा न लागणारी कंसाची, अर्धविरामाची बटणं इनस्क्रिप्टमध्ये (मराठी टायपिंगच्या मांडणीत) व्यंजनांना लागतात. उलटी तिरकी रेघ वाया वाटते, पण ‘कॉ’, ‘डॉ’ यांतला ऑकार तिथेच आहे. याउलट डीचं बटण गेलं तर इंग्रजीत एक अक्षर जातं, इनस्क्रिप्टमध्ये हलन्त जातो आणि शिफ्टसकट ‘अ’ही जातो. मग ‘प्रश्न’मधला ‘श्न’ जोडायलासुद्धा अडतं. कॅप्स लॉक इनस्क्रिप्टला लागत नाही, म्हणून बदलीसाठी तोच सर्वांत सुरक्षित.

यूएसबी कीबोर्ड

लॅपटॉप एका जागी राहतो आणि कीबोर्ड वितळवून बसवलेला आहे, अशा वेळी वायरचा साधा कीबोर्ड हाच आमचा कौल. बायोसमध्येही चालतो, चार्ज करावा लागत नाही, मशीन बदललं तरी उरतो. ब्लूटूथचा कीबोर्ड बायोसमध्ये सहसा चालत नाही आणि महाग पडतो. बिनतारी हवाच असेल तर यूएसबी डोंगलवाला घ्या.

आतला कीबोर्ड नुसता मेलेला असेल तर हे पुरेसं आहे. पण तो न दाबता अक्षरं टाकत असेल तर त्याला गप्प करावं लागतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतल्या कीबोर्डसाठी ‘डिसेबल’ बहुधा मिळतच नाही. शार्पकीजनं ते एक बटण बंद करता येतं, पण ती बंदी सगळ्या कीबोर्डना लागू होते, म्हणजे नव्या यूएसबी कीबोर्डवरचं तेच बटणही जातं. उबुंटूत एक्स११ (स्क्रीन आणि कीबोर्ड हाताळणारी जुनी यंत्रणा) असेल तर एक्सइनपुट या कमांडनं फक्त आतला कीबोर्ड बाजूला काढता येतो. विंडोजवर खात्रीचा उपाय म्हणजे झाकण उघडून रिबन सोडवणं.

इथेच चालू करायच्या बटणाचा प्रश्न येतो. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ते बटण कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, डिलीटच्या शेजारी, कीबोर्डचाच भाग म्हणून असतं. अशा मशीनची रिबन सोडवली की लॅपटॉप चालूच होणार नाही. तिथे यूएसबी कीबोर्ड हा न दाबता टाइप होण्यावरचा उपाय ठरत नाही, कीबोर्ड बदलावाच लागतो. रिबन सोडवण्याआधी मशीन हायबरनेट किंवा स्लीपमध्ये नाही, पूर्ण बंद आहे आणि बॅटरी सुटी आहे हेही बघा.

बदलायचाच असेल तर

जुन्या जाड लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरून खटक्यांनी किंवा खालून दोन-चार स्क्रूंनी धरलेला असतो. पहिल्यांदा करणाऱ्यालाही तासाभरात जमतो. सगळ्यात जास्त मोडतोड रिबनच्या कनेक्टरवर होते. त्याचं कुलूप दोन प्रकारचं: एक उभं उचलायचं, दुसरं दोन्ही टोकांनी बाहेर सरकवायचं. सरकवायचं कुलूप उचलायला गेलं की तुटतं, आणि मग रिबन टेपनं दाबून धरण्यापलीकडे स्वस्त उपाय राहत नाही.

पातळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पॅनेलला, म्हणजे दुकानातल्या भाषेत सी पॅनेलला, प्लास्टिकच्या डझनावारी खुंट्या वितळवून बसवलेला असतो. तो काढायचा तर आधी मदरबोर्ड, बॅटरी, पंखा सगळं उतरवायचं, मग खुंट्या तोडायच्या, नवा ठेवून सोल्डरिंग आयर्ननं उरलेली टोकं पुन्हा वितळवायची. खुंट्या आखूड उरल्या तर कीबोर्ड मधोमध झोके घेतो. पूर्ण सी पॅनेल महाग, पण बांधणी मूळची राहते. मशीन विकून जेमतेम आठ हजार येणार असतील तर पाच हजारांचं पॅनेल घेऊ नये.

भाग मागवताना लॅपटॉपचं नाव पुरत नाही. एकाच मॉडेलला बॅकलाइटचा आणि बिनबॅकलाइटचा, चौकटीचा आणि बिनचौकटीचा, चालू करायच्या बटणाचा आणि त्याशिवायचा असे वेगवेगळे कीबोर्ड येतात. बॅकलाइटवाल्याला दुसरी एक बारीक रिबन असते. जुना कीबोर्ड उलटा करून मागच्या स्टिकरवरचा भाग क्रमांक घ्या: लेनोव्होवर एफआरयू, डेलवर डीपी/एन, एचपीवर स्पेअर पार्ट क्रमांक. एंटर आडवा आहे की उभा, तेही जुळवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर जुना कीबोर्ड सोबतच न्या.

दुकानात देताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या. नवा कीबोर्ड आत बसवण्यापूर्वी फक्त रिबन जोडून प्रत्येक बटण तुमच्यासमोर तपासायचं, कारण वितळवून झाल्यावर तो परत घेतला जात नाही. बिलावर भाग आणि मजुरी वेगवेगळी, हमीचे महिने लिहून. आणि जुना कीबोर्ड तुम्हाला परत. एखादी क्लिप किंवा टोपी पुढे त्यातूनच काढता येते.